काचबिंदू डोळ्यापासून मेंदूपर्यंत काय करतो, आणि घरच्यांनी काय करायचं

आण्णांना (माझे वडील, वय ६८, बाग कवठेमहांकाळच्या बाजूला) काचबिंदू आहे हे आम्हाला द्राक्षाच्या घडांवरून कळलं. विरळणीला ते दरवर्षी बायकांच्या बरोबरीनं कात्री घेऊन उभे राहतात, पण गेल्या हंगामात ते ज्या ओळीनं गेले त्या ओळीत समोरचे, छातीच्या उंचीचे घड एकदम नीट कापलेले आणि मांडवाला डोक्यावर लोंबणारे घड तसेच्या तसे. आईला वाटलं मान दुखत असेल. मग चष्म्याच्या दुकानात नेलं, नंबर थोडा बदललेला निघाला, नवीन चष्मा केला, आणि त्यात सहा महिने गेले. शेवटी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा फिल्ड टेस्टच्या (नजर एका जागी ठेवून आजूबाजूचं किती दिसतं ते बघायच्या टेस्टच्या) कागदावर दोन्ही डोळ्यांचा वरचा अर्धा भाग काळा छापून आला, आणि आण्णा तो कागद हातात धरून म्हणतायत, "मला तर सगळं दिसतंय गं, काळंबिळं काय न्हाई."

ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच सगळं दिसत होतं, कारण जे दिसत नव्हतं ते मेंदू भरून काढत होता. हे कळल्यावर मी बरंच वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून भंडावून सोडलं, आणि आता आमच्या घरी काय काय करतो ते सगळं इथं लिहितेय, कारण आपल्याकडं मोतीबिंदू सगळ्यांना माहीत आहे पण काचबिंदू म्हटलं की "ऑपरेशन केलं की दिसतंय की परत" असंच लोक समजतात. तसं होत नाही. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत नस मरते, आणि गेलेली नस परत आणायचं औषध आज तरी कुणाकडं नाही.

आधी रस्ता समजून घ्या

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, गँग्लियन नावाच्या पेशी असतात. त्यांचे साधारण १० ते १२ लाख बारीक धागे एकत्र येऊन ऑप्टिक नर्व्ह तयार होते. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या खाली एका चौकात भेटतात आणि तिथं नाकाकडच्या बाजूचे धागे पलीकडं जातात, म्हणून तुमच्या उजव्या हाताच्या बाजूचं जग मेंदूच्या डाव्या भागात जातं, मग बघणारा डोळा कुठलाही असो. पुढं मेंदूच्या मधोमध थॅलॅमसमध्ये एक छोटं स्टेशन आहे, लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियस, सहा थरांचं. काही थर एका डोळ्याचे, काही दुसऱ्याचे, डोळे अजून एकमेकांत मिसळलेले नसतात. तिथून नवीन धागे निघतात ते थेट डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर हात ठेवलात की त्याच्या आत जो भाग येतो तिथं. खरं "दिसणं" तिथं सुरू होतं.

आमच्याकडं हे समजावायला एकच उदाहरण चाललं. म्हैसाळला कृष्णेचं पाणी उचलतात, टप्प्याटप्प्यानं वर चढवतात, मग कालवा, मग चारी, मग शेतातला दंड, मग वाफा. आता समजा पहिल्या टप्प्यालाच पाईप गळायला लागला. बिघाड तिथला, पण पाण्याची पाळी टेलपर्यंत, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, येत नाही म्हटल्यावर टेलची चारी काय होते? गवत माजतं, गाळ साचतं, बांध ढासळतो. चारीला कुणी हात लावलेला नसतो, पाणी नाही म्हणून ती मोडते. काचबिंदूत नेमकं हेच होतं. मार बसतो तो डोळ्याच्या मागं, जिथून नस बाहेर पडते तिथं, पण ज्या मेंदूच्या पेशींना त्या नसेकडून निरोप यायचे त्या पण पुढं सुकायला लागतात, आणि त्यांच्या पुढच्यांवर पण परिणाम दिसतो. माकडांवरच्या अभ्यासात हे स्टेशन आक्रसलेलं आधीच दिसलं होतं, आणि २००६ साली टोरंटोच्या नीरू गुप्ता, येनी युसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचबिंदू असलेल्या माणसाच्या मेंदूत, मृत्यूनंतर तपासून, नस, ते स्टेशन आणि मागचा दृष्टीचा भाग अशा तिन्ही ठिकाणी झीज दाखवली. तेव्हापासून काचबिंदूकडं नुसता डोळ्याच्या प्रेशरचा (डोळ्यातल्या पाण्याच्या दाबाचा) आजार म्हणून न बघता नसांच्या झिजेचा आजार म्हणून बघायची पद्धत पक्की होत गेली.

जिवंत पेशंटमध्ये हे एमआरआयवर बघतात. एका प्रकारच्या एमआरआयमध्ये पाण्याचे कण कुठल्या दिशेला सरकतात ते मोजतात. धागे शाबूत असले की पाणी धाग्याच्या बाजूबाजूनं सरळ जातं, धागे झिजले की चारीचा बांध फुटल्यासारखं कुठंही पसरतं. काचबिंदूच्या पेशंटमध्ये नसेत तर हे दिसतंच पण त्या स्टेशनपासून मागं जाणाऱ्या धाग्यांत पण दिसतं, जे धागे डोळ्यापासून कितीतरी लांब आहेत. दुसऱ्या प्रकारात पेशंटला काही काम न देता नुसतं पडून राहायला सांगतात आणि मेंदूचे कुठले भाग एका तालात वरखाली होतात ते बघतात. म्हणजे कनेक्शन. काचबिंदूत दृष्टीच्या भागांचा आपापसातला ताल बदलतो, आणि दृष्टीच्या भागांचा हालचाल सांभाळणाऱ्या आणि लक्ष देणाऱ्या भागांशी असलेला ताल पण बदलतो. कुठं कमी होतो, कुठं उलट वाढतो, सगळ्या अभ्यासांचं चित्र एकसारखं येत नाही. वाढतो त्याचा एक अर्थ असा लावतात की मेंदू कमी पाण्यात रान भिजवायला धडपडतोय.

पण हे वाचून डॉक्टरांच्या मागं "आमच्या बाबांचा एमआरआय करा" म्हणून लागू नका. हे सगळं संशोधनातलं आहे, रोजच्या उपचारासाठी काचबिंदूला एमआरआय लागत नाही. आणि "मेंदूला पण झालंय" हे घरात मोठ्यानं बोलताना जरा जपून, आमच्या आईनं ते ऐकून दोन दिवस जेवण सोडलं होतं, तिला वाटलं आता वेड लागणार नाहीतर अटॅक येणार. तसलं काही नसतं. इथं आपण फक्त बघायच्या रस्त्याबद्दल बोलतोय.

मेंदू कसा फसवतो ते स्वतः करून बघा

वहीचा आखीव कागद घ्या. एका ओळीवर डावीकडं एक फुली काढा, तिच्यापासून ८ सेंटीमीटर उजवीकडं त्याच ओळीवर हरभऱ्याएवढा भरीव ठिपका काढा. कागद डोळ्यापासून साधारण एका फुटपट्टीच्या अंतरावर धरा, डावा डोळा हातानं झाका आणि उजव्या डोळ्यानं फक्त फुलीकडं बघा. कागद हळूहळू थोडा पुढं-मागं करा. एका ठिकाणी ठिपका गायब होतो. आता नीट लक्ष द्या, नजर फुलीवरच ठेवून, ठिपक्याच्या जागी काय दिसतंय? भोक दिसत नाही, काळं दिसत नाही, वहीची ओळ सलग दिसते. तिथं तुमची नस डोळ्यातून बाहेर पडते, म्हणून तिथं बघणाऱ्या पेशीच नाहीत, सगळ्यांनाच नसतात, आणि आजूबाजूची ओळ बघून मेंदू ती जागा भरून टाकतो. काचबिंदू अशाच मोकळ्या जागा आणखी पाडत आणि हळूहळू मोठ्या करत नेतो आणि मेंदू भरत राहतो. त्यात एका डोळ्याला न दिसणारं बऱ्याचदा दुसऱ्याला दिसत असतं.

इंटरनेटवर काचबिंदूचं चित्र म्हणून काळ्या बोगद्यातून बघितल्यासारखा फोटो टाकतात ना, त्यानं लोकांचं लई नुकसान होतं असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्लंडमध्ये २०१३ च्या एका अभ्यासात ५० पेशंटना वेगवेगळी चित्रं दाखवून विचारलं की तुम्हाला कसं दिसतं, तर काळा बोगदा दिसतो असं एकानंही सांगितलं नाही, बऱ्याच जणांनी काही भाग धूसर किंवा काही भाग नसल्यासारखा वाटतो असं सांगितलं. त्यामुळं "मला काळं दिसत नाही म्हणजे मला काचबिंदू नाही" हा हिशेब चुकीचा आहे. फिल्ड टेस्टमध्ये फरक दिसायच्या आधीच पाव ते तिसरा हिस्सा पेशी गेलेल्या असू शकतात. भारतात जे सर्व्हे झाले त्यात काचबिंदू निघालेल्या दहातल्या नऊ जणांना तो आहे हेच माहीत नव्हतं.

म्हणून घरच्यांनी डोळ्यापेक्षा कामाकडं बघायचं. वरचे घड सुटतायत का. जिना उतरताना शेवटची पायरी पायानं चाचपतायत का. उन्हातून घरात आल्यावर बराच वेळ उंबऱ्यात थांबतायत का. गाडीवर असताना बाजूनं आलेला माणूस "एकदम कुठनं आला" असं वारंवार म्हणतायत का. चहा ओतताना, विशेषतः पांढऱ्या कपात दूध, अंदाज चुकतोय का. घरच्या घरी एक साधी तपासणी पण करता येते: एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मधल्या तारखेकडं बघायचं आणि नजर न हलवता चारी कोपरे सारखेच दिसतात का सांगायचं, मग दुसरा डोळा. यात काही वेगळं वाटलं तर लगेच दाखवा, पण काही वाटलं नाही म्हणून निवांत बसू नका, वर सांगितलंच की मेंदू भरून काढतो.

आणि एक वेगळा प्रकार. अचानक डोळा लाल, भयंकर दुखणं, दिव्याभोवती रंगीत कडी, डोकं ठणकणं आणि उलट्या. आपल्याकडं याला पित्त नाहीतर अर्धशिशी म्हणून लिंबू-सोडा पाजतात आणि झोपवतात. हा बंद कोनाच्या काचबिंदूचा (डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोपरा, म्हणजे कोन, अचानक बंद होतो तो) झटका असू शकतो, यात तासातासाला नुकसान होतं, रात्र असली तरी गाडी काढा.

तपासणीला जाताना

चाळिशीनंतर एकदा तरी, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर सख्ख्या भावाबहिणींनी आणि मुलांनी नक्की. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे काचबिंदूची तपासणी झाली असं नाही, आमचे सहा महिने तिथंच गेले. डोळ्याचं प्रेशर, कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी, कोनाची तपासणी, बाहुली मोठी करून नसेचं तोंड बघणं, फिल्ड आणि ओसीटी (रेटिनाच्या आणि नसेच्या थरांची जाडी मोजणारं स्कॅन), एवढं झालं की चित्र पूर्ण होतं. प्रेशर साधारण १० ते २१ (मिमी पारा) मध्ये असतं पण नॉर्मल प्रेशरवाला काचबिंदू पण असतो, तेव्हा एकट्या प्रेशरच्या आकड्यावर खूश होऊन परत येऊ नका. आमच्या जिल्ह्याचं एक बरं आहे, मिरजेला दवाखान्यांची कमी नाही, आणि मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात आणि सांगलीच्या सिव्हिलला डोळ्यांचा विभाग आहे. बाहुलीत औषध घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, पेशंटला एकटं पाठवू नका आणि गाडी चालवत तर अजिबात नाही.

फिल्ड टेस्टला आण्णा पहिल्यांदा पार घाबरले. अंधाऱ्या मशीनमध्ये हनुवटी ठेवायची, मधल्या दिव्याकडं बघायचं आणि बाजूला कुठंही बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. त्यांना वाटलं परीक्षा आहे, नापास झालो तर काय, म्हणून ते नजर फिरवून दिवे शोधत बसले आणि अंदाजानं बटण दाबत गेले, अख्खी टेस्ट वाया. आधी हे सांगून ठेवा: ती टेस्टच अशी असते की निम्मे दिवे दिसणार नाहीत, मशीन मुद्दाम उजेड कमी कमी करत तुमची मर्यादा शोधत असतं. नजर मध्येच, पापणी मारायला हरकत नाही, थकवा आला तर बटण दाबून धरायचं म्हणजे बऱ्याच मशीनमध्ये टेस्ट थांबते (आधी ऑपरेटरला विचारा). पहिली टेस्ट बहुतेकांची बिघडतेच, दुसरी-तिसरी खरी धरतात. सकाळी लवकरची वेळ घ्या, जेवून पेंगत जाऊ नका.

कागद हातात आल्यावर काय बघायचं? आधी वर विश्वासार्हतेचे आकडे, नजर किती वेळा हलली, खोटं बटण किती वेळा दाबलं. मग एमडी नावाचा आकडा, म्हणजे नॉर्मलपेक्षा सरासरी किती कमी दिसतं ते, बहुतेक मशीनवर तो जितका उणे तितकं नुकसान जास्त. मग काळ्या डागाचा आकार, आणि मला वाटतं हे प्रत्येकानं समजून घ्यावं. काचबिंदूचा डाग आडव्या मधल्या रेषेला धरून असतो, वर किंवा खाली, कारण रेटिनावर धाग्यांची रचना तशी वर-खाली वाटलेली असते, आणि ती उलटी पण असते, नसेचा खालचा भाग मेला की वरचं दिसत नाही. म्हणून आण्णांचे वरचे घड. चौकाच्या पुढं मेंदूत काही बिघाड झाला, पॅरालिसिसचा झटका किंवा गाठ, तर डाग उभ्या रेषेला धरून येतो, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, आणि तेव्हा मात्र डॉक्टर एमआरआय सांगतात. म्हणजे बघा, एका कागदावरून बिघाड पाईपचा आहे का पुढच्या कालव्याचा याचा अंदाज लागतो.

सगळे फिल्ड आणि ओसीटी एका फाईलला तारखेप्रमाणं लावा. मोबाईलवर काढलेला फोटो धरू नका, डॉक्टरांना मागच्याशी तुलना करायची असते.

ड्रॉप घालायची पद्धत

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच सगळ्यात गचाळ केलं जातं. मेंदूपर्यंतची झीज रोखायला आज हातात असलेला पक्का उपाय एकच, प्रेशर कमी ठेवणं, मग ते ड्रॉपनं, लेसरनं नाहीतर ऑपरेशननं. एका मोठ्या अभ्यासात असं दिसलंय की प्रेशर १ नं कमी झालं तरी आजार पुढं सरकायचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो. म्हणजे एकेका आकड्याला किंमत आहे, आणि बाटलीतला थेंब गालावरून ओघळला तर ती किंमत गेली.

हात धुवा, मान मागं किंवा सरळ आडवं पडा, खालची पापणी ओढून खिसा करा, एकच थेंब. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. मग डोळा हलकेच मिटा, मिचकावू नका, आणि नाकाजवळचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबून धरा, नाहीतर औषध नळीतून नाकात उतरतं आणि अंगात भिनतं. टिमोलॉल नावाचा ड्रॉप असेल तर हे दाबणं फारच गरजेचं, ते दम्याच्या माणसाला आणि नाडी मंद असणाऱ्याला चालत नाही, दमा असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. दोन औषधं असतील तर मध्ये ५ मिनिटं. आमच्याकडं दोन बाटल्या सारख्याच दिसायच्या म्हणून रात्रीच्या बाटलीला मी रबरबँड गुंडाळलाय, आण्णा अंधारात पण हातानं ओळखतात. बाटली फोडली की त्यावर तारीख लिहा आणि महिन्यानं, किंवा लेबलवर जे लिहिलं असेल त्याप्रमाणं, टाकून द्या. लॅटॅनोप्रॉस्ट नावाच्या ड्रॉपची न फोडलेली बाटली बहुतेक वेळा फ्रीजमध्ये ठेवायची असते, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेली बाटली मी तर वापरणार नाही.

डोळा खाजतो, लाल होतो म्हणून मेडिकलमधून परस्पर ड्रॉप आणू नका. त्यातल्या बऱ्याच ड्रॉपमध्ये स्टेरॉईड असतं, लगेच बरं वाटतं आणि महिनोन्महिने घातलं तर त्यानंच प्रेशर वाढून काचबिंदू होतो. डोळ्यात मध, एरंडेल असलं काही घालू नका. योगासनं करत असाल तर शीर्षासन बंद, डोकं खाली केलं की डोळ्यातलं प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं. चालणं उत्तम. नसेची ताकद वाढवतो म्हणून गोळ्या-पावडरी विकणारे भेटतील, सिटिकोलीनसारख्या काही औषधांवर अभ्यास चालू आहेत, डॉक्टरांनी दिलं तर घ्या, पण ते मिळालं म्हणून ड्रॉप सोडायचे नाहीत.

घरात आणि बागेत

मेंदू आपोआप भरतो त्याला उत्तर म्हणजे मुद्दाम बघायची सवय. आण्णांचे डोळे वरचं आपणहून टिपत नाहीत, म्हणून आता प्रत्येक वेलीपाशी आधी हनुवटी उचलून वर, मग डावी-उजवी, मग कात्री. सुरुवातीला त्यांना चिडल्यासारखं व्हायचं, आठपंधरा दिवसांनी अंगवळणी पडलं. खालचं दिसत नसेल तर उलटं, चालताना नजर अधूनमधून पायाशी. तोल सांभाळायला पण मेंदू डोळ्यांची मदत घेतो, काचबिंदूच्या लोकांचं पडण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा मारलाय, मोरीत जायच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा, आणि दूध-ताकाला गडद रंगाचे पेले. रात्रीची गाडी बंद केली, यावर घरात भांडण झालं, पण बंद केली.

झोपेचं कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. गँग्लियन पेशींतल्या काही पेशी बघायचं काम फारसं करत नाहीत, दिवस आहे का रात्र हे मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. काचबिंदूत त्या पण कमी होतात, त्यामुळं काही पेशंटची झोप बिघडते. आण्णा सकाळी अर्धा तास अंगणात उजेडात बसतात आणि रात्री टीव्ही लवकर बंद, त्यांना तरी फरक वाटतोय.

धाकट्या काकांना गेल्या महिन्यात जबरदस्तीनं नेलं. त्यांचं पण तेच, सगळं दिसतंय, कशाला पैसे घालवता. प्रेशर उजव्या डोळ्यात २६, डाव्यात २४ निघालं, फिल्ड अजून साफ आहे. पुढच्या सोमवारी ओसीटी आहे, त्यांना घेऊन आण्णाच जाणारेत, त्या मशीनमध्ये नजर मध्येच ठेवायची हे आण्णा त्यांना आत्तापासून रोज फोनवर सांगतायत.